रंग आवडला एकीचा, चाल दुसरीची

मागच्या आठवड्यात माझी सायकल पहिल्यांदा मातीत उतरली. सेकंडहँड घेतलेली, रंग नवा दिलेला, पण माझ्यासाठी नवीकोरीच. जानेवारीत हे सगळं सुरू केलं तेव्हा दोन-तीन वीकेंडचं काम वाटलं होतं, प्रत्यक्षात पंधरा आठवडे गेले, त्यातले जवळपास पाच तर नुसते फ्रेम रंगून यायची वाट बघण्यात. अधेमधे कोणाला विचारावं तर जो तो आपापल्या सायकलची बाजू घेऊन बोलायचा, म्हणून जसं घडलं तसं तारीखवार लिहून ठेवतेय, कोणी याच वाटेवर असेल तर उपयोग होईल.

सहा वर्षं माझ्याकडे हार्डटेल होती, म्हणजे धक्के झेलणारं सस्पेन्शन फक्त पुढे, १०० मिमीचा फोर्क, मागे काहीच नाही. उताराला तळहात बधिर व्हायला लागले आणि कंबर बोलायला लागली तेव्हा ठरवलं की आता फुल सस्पेन्शन ट्रेल सायकल घ्यायची. आणि खरं सांगायचं तर मॉडेल ठरायच्या आधी रंग ठरला होता. फिरोजी. मोरपंखीपेक्षा हलका, आकाशीपेक्षा हिरवट. येटी या सायकल कंपनीमुळे हा रंग माउंटन बायकिंगमध्ये इतका रुजलाय की लांबून दिसला तरी मान वळते. माझ्या मनात भरलेली सायकल दुसऱ्याच कंपनीची होती, पण रंग तोच, ग्लॉसी, खाली चांदीची बारीक रेघ. तिचा फोटो मी महिनाभर फोनच्या स्क्रीनवर ठेवला होता.

आमच्या ग्रूपमध्ये एक दादा आहेत, पंचवीसेक वर्षं डोंगरात सायकल चालवतायत. त्यांना फोटो दाखवला तर म्हणाले, "छान आहे गं, पण आधी चार सायकली एकाच वाटेवर चालवून बघ, आणि प्रत्येक वेळी घरी यायच्या आत लिहून काढ." मी ते अगदी शब्दशः पाळलं. फेब्रुवारीचे चार रविवार, चार सायकली, एकच ३.४ किलोमीटरची फेरी. आधी दगडांचा चढ, मग मुळांनी भरलेला सपाट पट्टा, मग उतार, आणि उतारात पाच हेअरपिन वळणं. पेडल्स माझीच, प्रत्येक सायकलला काढून लावायची, टायरमध्ये हवा सगळीकडे पुढे २२ आणि मागे २४ पीएसआय, सगळे टायर ट्यूबलेस. हवा सारखी ठेवणं फार महत्त्वाचं आहे बरं का, चारपाच पीएसआयचा फरक पडला तर सायकलच वेगळी आहे असं वाटतं.

पहिला रविवार फिरोजीचा. कंपनीच्या डेमोत मिळाली, ओळखपत्राची कॉपी, डिपॉझिट आणि मोडतोड झाली तर भरपाई माझी असा एक फॉर्म. फॉर्म सही करायच्या आधी सायकलभोवती फिरून असलेल्या ओरखड्यांचे फोटो काढून घ्या, मी काढले होते म्हणून परत देताना वाद झाला नाही. पुढे १६० मिमी ट्रॅव्हल, म्हणजे सस्पेन्शन इतकं दबतं, मागे १५०, दोन्ही चाकं २९ इंची, हेड अँगल, म्हणजे हँडलखालच्या नळीचा जमिनीशी कोन, ६४ अंश. सरळ खडबडीत उतारावर तिने मला काय दाखवलं ते शब्दांत सांगता येणार नाही, ज्या दगडांना मी सहा वर्षं वळसा घालत आले त्यांच्यावरून ती अशी गेली जशी ते तिथे नाहीतच. वहीत लिहिलं, "हीच."

दुसरी दादांची स्वतःची, पुढे १३० मागे १२०, हेड अँगल ६६.५, रंग मॅट ऑलिव्ह. झुडपाला टेकवून पाणी प्यायला बसलो तर दहा पावलांवरून दिसत नव्हती. चढाला मात्र पेडल मारलं की उत्तर लगेच, पाय आणि चाक यांच्यामध्ये काही हरवत नाही. उतारात दगडांवर टणटण उडायला लागली, ब्रेकवर बोटं आवळली गेली. तिसरी मैत्रिणीची, मुलेट म्हणतात ती, पुढे २९ आणि मागे २७.५ इंची चाक. तीव्र उतारात मागे सरकून बसायला जास्त जागा मिळते कारण मागचं चाक लहान, आणि हेअरपिनमध्ये मागची बाजू पटकन फिरून येते, मला ते जाम आवडलं. पण चढातल्या चौकोनी दगडी पायऱ्यांवर तेच लहान चाक अडतं, दोनदा पाय टेकवावा लागला. तिचा रंग मूळचा लालभडक, आता वरच्या नळीवर उडून गुलाबी झालेला तर खालच्या नळीवर अजून तसाच. लाल आणि फ्लुरोसंट रंग उन्हात लवकर उतरतात हे ऐकून होते, तिथे एकाच फ्रेमवर दोन्ही रंग शेजारी बघायला मिळाले.

चौथी ग्रूपमधल्याच एकाची, विकायला काढलेली. पुढे १४०, मागे १३०, २९ इंची चाकं, हेड अँगल ६५.५. रंग मॅट काळा, आणि मॅटला जे होतं ते सगळं झालेलं, हाताच्या तेलाचे डाग, गुडघा घासून वरच्या नळीवर चमकलेला पट्टा, केबल घासून पडलेल्या रेषा. ग्लॉस रंगावरचा बारीक ओरखडा पॉलिशने मऊ करता येतो, मॅट घासलं की उलट तिथे चकाकी येते, त्यामुळे तो पट्टा आता तसाच राहणार हे मला कळत होतं. चालवली, मागून प्रत्येक धक्का बसत होता, वहीत लिहिलं "कडक, निर्जीव, नको." चार ओळीसुद्धा नाही भरल्या.

संध्याकाळी दादांना वही दाखवली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "हिचा सॅग किती ठेवला होतास?" आणि मी गप्प. सॅग म्हणजे आपण नुसतं बसल्यावर सस्पेन्शन किती दबतं ते. बाकी तिन्हींचा सॅग मी स्वतः सेट केला होता, हिचा केलाच नव्हता, मालक वजनाने माझ्या दीडपट, शॉकमध्ये, म्हणजे मागच्या सस्पेन्शनच्या नळीत, त्याच्या वजनाची हवा, मी तशीच बसले आणि निघाले. आणि का नाही केला याचं उत्तर मला नंतर रात्री मिळालं, सायकल दिसायलाच आवडली नव्हती म्हणून. परत वही वाचली. फिरोजीबद्दल दीड पान, आणि त्यात चढाबद्दल एकच ओळ, "चढाला जरा जड." तर त्या चढात पुढचं चाक मला दोनदा वाटेबाहेर घेऊन गेलं होतं, ते मी लिहिलंच नव्हतं. रंगाने माझ्या वहीत लुडबुड केली होती.

मग मार्चच्या पहिल्या रविवारी फिरोजी आणि काळी दोन्ही सायकली एकाच दिवशी मागून घेतल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली. सॅग कसा बघायचा ते इथे सांगते कारण यानेच सगळं बदललं. शॉकच्या चकचकीत दांड्यावर रबराची एक रिंग असते. लॉक उघडा ठेवायचा, नेहमीचे कपडे, बूट, पाण्याची पिशवी सगळं अंगावर घेऊन सीटवर बसायचं, कोणालातरी सायकल धरायला सांगायची, रिंग सीलला टेकवायची आणि न उसळता हळूच उतरायचं. काळीचा शॉक ५० मिमी स्ट्रोकचा, म्हणजे जास्तीत जास्त तेवढा दबणारा, मला २८ टक्के हवा होता म्हणजे रिंग १४ मिमी खाली यायला हवी. ती आली ६ वर. म्हणजे मी बारा टक्के सॅगवर त्या सायकलचा निकाल लावून मोकळी झाले होते. पंपाने थोडी थोडी हवा सोडत १४ वर आणली, पुढच्या फोर्कला २० टक्के ठेवला, रिबाउंडचे, म्हणजे दबलेलं सस्पेन्शन किती वेगाने परत येईल त्याचे, लाल नॉब दोन क्लिक उघडले कारण हवा कमी केली की शॉक परत यायलाही हळू होतो.

आणि काय सांगू, तीच वाट, तीच सायकल. मुळांच्या पट्ट्यात मागचं चाक जमिनीला धरून राहिलं. उतारात ब्रेक धरलेला असतानाही मागची बाजू काम करत राहिली. हिची मागची रचना हॉर्स्ट लिंकची, हॉर्स्ट लाइटनर या डिझायनरचं नाव, त्यात चेनस्टेवर, म्हणजे पेडलपासून मागच्या चाकापर्यंत जाणाऱ्या नळीवर, मागच्या ॲक्सलच्या पुढे एक जादा सांधा असतो त्यामुळे ब्रेकचा जोर सस्पेन्शनला तेवढा आवळत नाही. मुलेटचा मागचा सांधा एकच होता, तिथे ब्रेक दाबला की मागची बाजू ताठ झाल्यासारखी वाटायची, तो फरक आता हाताला नाही तर पायाला कळला.

फिरोजीला यावेळी चढात नीट बघितलं. हेड अँगल कमी म्हणजे फोर्क जास्त पुढे कललेला, त्यामुळे वेगात सायकल ठाम राहते, पण चालण्याच्या वेगाने चढताना पुढचं चाक एका बाजूला पडायला बघतं आणि ते सतत सावरावं लागतं. तिसऱ्या हेअरपिनमध्ये, जिथे वळणाच्या पोटातच एक जाड मूळ आहे, तिला फिरवायला मला वाट पुरली नाही. ती सायकल वाईट अजिबात नाही, मोठे उघडे वेगवान उतार असलेल्यांनी डोळे मिटून घ्यावी. माझ्या वाटा चिंचोळ्या, वळणांच्या, चढ जास्त आणि वेग कमी. त्या रात्री फोनवरचा फोटो काढून टाकला, थोडं वाईट वाटलं.

काळी घ्यायची ठरली पण त्या काळ्या रंगात पाच-सात वर्षं काढायची माझी तयारी नव्हती. मी तिच्याशी रोज बोलणार, धुणार, पुसणार. मग चौकशी सुरू. कंपनीला मेल केला की मालक बदलला तर फ्रेमची वॉरंटी राहते का आणि रंग बदलला तर काय. काही दिवसांनी उत्तर आलं, वॉरंटी फक्त पहिल्या मालकाला, आणि रंग काढायला रसायन किंवा ब्लास्टिंग, म्हणजे बारीक कणांचा मारा, वापरलं तर तीही नाही. म्हणजे सेकंडहँड घेतल्यावर गमवायला काही उरत नव्हतं. नव्या सायकलला हे करणार असाल तर मात्र आधी विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

९ मार्चला व्यवहार झाला. बॉटम ब्रॅकेटखाली, म्हणजे पेडलचा आस बसतो त्या जागेखाली, सिरीयल नंबर असतो, तो मूळ बिलावरच्या नंबराशी जुळवला, मग साध्या कागदावर नंबर, मॉडेल, तारीख, दोघांच्या सह्या, दोघांच्या ओळखपत्रांच्या कॉप्या. नंबरचा फोटो रंग द्यायच्या आधी काढायलाच हवा, कारण नव्या रंगाच्या थराखाली कोरलेले आकडे बुजतात. माझे बुजले. आता तो फोटो आणि तो कागद हाच माझा पुरावा.

रंगाचे पर्याय तीन-चार. एक मन म्हणत होतं की रंग नकोच, नुसता धातू ठेवावा. १९७७ मध्ये जो ब्रीझ नावाच्या सायकल बांधणाऱ्याने खास डोंगरासाठी म्हणून बांधलेली पहिली ब्रीझर निकेल प्लेटिंगची होती, तिचे फोटो बघितले की अजूनही भारी वाटतं. पण ब्लास्टिंगनंतर माझ्या फ्रेमचे वेल्ड आणि जुने खड्डे उघडे पडले असते. अ‍ॅनोडायझिंग, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने धातूवरच रंगीत थर आणणं, सुंदर, पण वेल्डच्या आसपास छटा बदलते आणि जोडलेल्या फ्रेमचं करून देणारं कोणी मिळेना. स्प्रे पेंटमध्ये छटा हव्या तेवढ्या, पण पूर्ण कडक व्हायला काही आठवडे. शेवटी पावडर कोटिंग, टणक आणि खर्चात स्प्रेपेक्षा हलकं. यात पावडरला विजेचा भार देऊन ती फ्रेमवर चिकटवतात आणि भट्टीत १८० ते २०० अंश सेल्सिअसला वितळवून एकजीव करतात. फ्रेम कार्बनची असेल तर हा नाद सोडा, त्यातलं रेझिन ही उष्णता सोसत नाही, तिला स्प्रेच.

छटा राल कार्डवरून निवडतात, त्यात प्रत्येक रंगाला ठरलेला नंबर असतो. हे कार्ड १९२७ मध्ये ४० रंगांनी सुरू झालं, आता दोनशेच्या वर आहेत. ५०१८ म्हणजे फिरोजी निळा, हा माझा. कार्ड ट्यूबलाइटखाली बघू नका, मी आतमध्ये ६०२७ जवळजवळ पक्का केला होता, बाहेर उन्हात आणला तर नुसता फिकट पुदिना.

१४ मार्चला सायकल पूर्ण उकलली. प्रत्येक सांध्याचा फोटो, प्रत्येक सांध्याचे बोल्ट आणि वॉशर वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नाव. बेअरिंग, हेडसेटचे कप, बॉटम ब्रॅकेट, डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग अडकतो तो हुक), केबलचे रबर, सगळं बाहेर, भट्टीत रबर-प्लास्टिक गेलं की संपलं. कोटिंगवाले काका एरवी गेट, ग्रिल, गाड्यांची चाकं करतात, सायकलची फ्रेम क्वचित. त्यांना मी लेखी दिलं, जुना रंग भट्टीत जाळून काढायचा नाही, कारण ती भट्टी फार तापते आणि माझी फ्रेम ६०६१ टी६ अ‍ॅल्युमिनियमची, तिची ताकद हीट ट्रीटमेंटमधून आलेली, ती उतरते. रसायनाने काढा, ब्लास्टिंग हलकं, पावडर १८० ला होणारी. आणि मास्किंगची, म्हणजे रंग लागू नये म्हणून झाकायच्या जागांची यादी, बेअरिंगच्या सगळ्या जागा, हेड ट्यूबच्या आतली बाजू, सगळे आटे, हँगर बसतो ती जागा, ब्रेकचे दोन माउंट. जुना रंग काढण्याचे पैसे वेगळे लागतात, ते आधीच विचारून घ्या, माझ्या बिलात तो भाग कोटिंगच्या जवळपास निम्मा होता.

सांगितले सात दिवस, लागले सतरा. २ एप्रिलला फोन आला, "ताई, झालं काम." गेले तर फ्रेम दारात तारेला टांगलेली, तिसऱ्या प्रहरचं ऊन तिच्यावर, आणि मी काही न बोलता पाच मिनिटं नुसती बघत उभी राहिले. कार्डवर दिसला त्यापेक्षा ग्लॉसमध्ये खोल आला होता रंग, नळीच्या गोलाईवर वरून निळा आणि सावलीच्या बाजूने हिरव्याकडे झुकलेला. काका पण खूश होते.

घरी आणून पहिलं बेअरिंग लावायला घेतलं आणि ते आत जाईना. मेन पिव्होटची, म्हणजे मागच्या मुख्य सांध्याची, उजवी जागा मास्क करायची राहिली होती. बघायला गेलं तर केवढा थर, ८० मायक्रॉन, केसाएवढा. पण ६९०२ नंबरचं बेअरिंग बाहेरून २८ मिमी, त्याची जागा शंभराव्या भागाच्या हिशोबाने कोरलेली असते, आणि थर दोन्ही बाजूंनी धरला तर भोक ०.१६ मिमीने लहान झालं. एवढ्यात बेअरिंग ठोकून बसवलं तर एकतर ते जॅम होतं नाहीतर फ्रेमला चीर जाते. मला खूप राग आला, रडूही आलं, हातात बेअरिंग दाबून बसवायचा प्रेस होता आणि एकदा वाटलं की दाबून टाकावं. नाही दाबलं. यादीची माझी कॉपी घेऊन ५ एप्रिलला परत गेले, काकांनी यादी वाचली, चूक मान्य केली आणि म्हणाले पैसे नको. सँडपेपरने घासलं तर भोक अंडाकृती होण्याची भीती, म्हणून बाकी सगळं झाकून तेवढ्या जागेला ब्रशने रसायन लावून थर उतरवला, कडेला जरा रंग गेला तो वॉशरखाली लपतो. त्यांच्याकडे दुसरी कामं होती त्यामुळे फ्रेम हातात आली १९ एप्रिलला. ती यादी लेखी नसती तर हे दोन आठवडे वादात गेले असते. घ्यायला जाल तेव्हा एक जुनं बेअरिंग आणि एक एम६ बोल्ट खिशात ठेवा, तिथल्या तिथे प्रत्येक जागेत लावून बघा, माझ्या ब्रेक माउंटच्या आट्यातही थोडी पावडर शिरली होती, ती टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून काढावी लागली.

वजन केलं होतं, रंग काढल्यावर शॉकशिवाय फ्रेम ३.१८ किलो, नव्या रंगासकट ३.२९. एकशे दहा ग्रॅम, पाण्याचे चार-पाच घोट. जोडणीला दोन संध्याकाळी. बेअरिंग सगळी नवीन टाकली कारण एकदा उकललंय तर परत कोण उकलणार, बोल्टना निळं लॉकटाइट (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद), टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, कंपनीच्या कागदावर दिलाय तेवढाच. केबल जिथे घासते, खालच्या नळीचं पोट आणि चेनस्टे, तिथे पारदर्शक फिल्म लावली. पावडर कोट थंड झाला की कडक असतो त्यामुळे लगेच लावता येते, स्प्रे पेंट असेल तर थांबावं लागतं.

२७ एप्रिलला पहाटे तीच फेरी. सॅग १४, हवा २२ आणि २४. चढात मी उभी राहून पेडल मारत होते आणि खाली बघितलं तर गुडघ्यांच्या मधून तो फिरोजी रंग वरखाली होत होता, सायकल मात्र तीच, काळीच, आधीइतकीच हलकी चढणारी, आधीइतकीच शहाणी. तिसऱ्या हेअरपिनला मुळाच्या आत पुढचं चाक घातलं, मागचं आपोआप आलं, पाय टेकला नाही.

खाली दादा थांबले होते. त्यांनी सायकल उचलून बघितली, पिव्होट हलवून बघितले, मग चेनस्टेच्या आतल्या बाजूला बोट ठेवलं, जिथे फिल्म पोचली नव्हती. मोहरीएवढा चांदीचा ठिपका, पहिल्याच फेरीत दगड लागलेला. पावडर घरी भरता येत नाही, पण ५०१८ नंबरचाच साधा पेंट छोट्या बाटलीत मिळतो, तो मी मार्चमध्येच आणून ठेवलाय. उद्या सकाळी सायकल धुऊन, वाळवून, त्या ठिपक्यावर काडीने लावायचाय.